माराडीची तीन कुलपांची पेटी: तरुण सुनांचा बचत गट उभा करण्याची रीत

नायजर देशाच्या दक्षिणेला, नायजेरियाच्या सीमेला लागून माराडीचा मुलूख आहे. १९९१ साली केअर या संस्थेने इथल्या हौसा समाजातल्या बायकांचे बचत गट सुरू केले. नॉर्वेच्या मोइरा एक्नेस यांनी त्याची घडी बसवली आणि गटांना 'माता मासु दुबारा' हे नाव पडलं. बँक नाही, अनुदान नाही, बाहेरचं कर्ज नाही. बायकांचेच पैसे, कर्जही त्यांनाच आणि वर्षअखेर पै न् पै मोजून वाटप. ही रीत पुढे झांझिबार, युगांडा, झिम्बाब्वे असं करत आफ्रिकेच्या बऱ्याच भागात गेली. आपल्याकडे नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला १९९२ मध्ये सुरुवात केली, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळची. पण आपला गट साठवत जातो आणि बँकेकडे वळतो, तर माराडीचा गट दरवर्षी पेटी रिकामी करून नव्याने बसतो. ज्यांनी उमेद किंवा माविमचं काम पाहिलंय आणि ज्यांना पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यात काम करायचंय, त्यांनी हा फरक आधी नीट समजून घ्यावा. आपल्या गटांच्या पंचसूत्रीतलं (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब) बरंच तिथे चालतं, पण सगळं नाही.

आधी घर समजून घ्या

माराडीकडच्या हौसा घरात बाजरीचं कोठार ही पुरुषाची जबाबदारी. घरच्या कर्त्याला 'मायगिदा' म्हणतात. त्याने धान्य पुरवायचं, कालवणाच्या सामानाला पैसे द्यायचे, आणि बायकोने स्वतः कमावलेलं तिचं तिच्याकडे राहायचं, अशी मूळ रीत. लग्नानंतर सुनेला 'गामाना' मिळायचा, म्हणजे तिच्या एकटीच्या पिकाचा जमिनीचा तुकडा. त्यावर भुईमूग, चवळी, भेंडी, अंबाडी घ्यायची आणि येणारा पैसा तिचा.

दोन्ही बाजू आता ढासळल्या आहेत. वाटण्या होऊन रानं लहान झाली, त्यात सुनांचे गामाना आधी गेले. ज्यांना मिळतो त्यांना कस गेलेला कोपरा मिळतो. सुगी झाली की तरुण नवरे नायजेरियाच्या किंवा किनाऱ्यावरच्या शहरांकडे कामाला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कुणी पैसे पाठवतो, कुणी पाठवत नाही. जून ते सप्टेंबर कोठार रिकामं असतं तेव्हा मीठ, साबण, पोराचं औषध आणि पुष्कळदा बाजरीसुद्धा त्या विशीतल्या सुनेने आणायची असते. २०१२ च्या देशव्यापी आरोग्य पाहणीत चारातल्या तीन मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली होती. म्हणजे आपण ज्या 'तरुण स्त्री'बद्दल बोलतोय ती बहुतेक वेळा एक-दोन लेकरांची आई असते.

गट उभा करताना एक प्रश्न सतत समोर ठेवा. तिच्या हातात पैसा येऊ लागला की घरातला कुठला खर्च तिच्याकडे सरकतो? पेटीत किती जमलं हे मोजणं सोपं आहे. पण वर्षभर बचत करून तिने फक्त नवऱ्याचा वाटा उचलला असेल, तर पेटी भरली आणि बाई होती तिथेच राहिली. खालचे बरेच नियम याच काळजीतून आले आहेत.

गटात कोण, किती

१५ ते २५ जणी. पंधराच्या खाली कर्जाला पैसा पुरत नाही. पंचविसाच्या वर बैठक लांबते आणि चुली खोळंबतात. तरुण सुनांचा गट वेगळाच ठेवा. सासवा-सुना एकत्र बसवल्या तर सुना मान खाली घालून बसतात, अध्यक्षपद आणि पहिली कर्जं वडीलधाऱ्यांकडे जातात. मात्र सासवांना बाजूला टाकून गट चालत नाही. त्यांच्या आशीर्वादाशिवाय सून घराबाहेर पडणार नाही. पहिल्या बैठकीआधी त्यांची एक बैठक घ्या आणि दर आठवड्याला तासभर पोरं कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यांच्यासमोरच सोडवा.

सवती एका गटात चालतात, पण दोघींपैकी एकच पदावर असावी.

काही गावांत लहान वयाच्या सुना दिवसा बाहेर पडत नाहीत. तिथे बैठक एखाद्या मोठ्या वाड्याच्या आतल्या अंगणात घ्या. त्यांचा माल पोरं गावभर विकून आणतात, म्हणजे बाई आत आणि धंदा बाहेर. या बायकांचा हिशेब बहुतेक वेळा पोरांच्या तोंडून येतो, हे लक्षात ठेवा.

लग्न न झालेल्या मुली घेणार असाल तर सोडून जाण्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवा. ती वर्षाच्या मध्येच परगावी नांदायला जाते. साधा नियम असा: जाताना तिची मूळ बचत परत, त्यातून कर्ज वजा, नफ्यात वाटा नाही. किंवा तिची आई वर्षअखेरपर्यंत तिच्या नावाने भाग भरते. दोन्हीपैकी काय ते गटाने ठरवावं, पण ठरवावंच.

बाळंतपणाचंही तसंच. चाळीस दिवस बाई घरात असते, आणि पहिलटकरीण बऱ्याचदा माहेरी जाते. आपल्याकडच्या सव्वा महिन्यासारखंच. या काळात गैरहजेरीला दंड नाही, आणि तिची बचत शेजारीण आणून देईल, असं लिहून ठेवा. हा नियम नसलेल्या गटात बाळंतिणी दंडाच्या भीतीने गळतात आणि नेमक्या त्यांनाच पैशाची गरज असते.

पद, पेटी, किल्ल्या

पाच पदं: अध्यक्ष, लेखनीस, पेटीवाली आणि पैसे मोजणाऱ्या दोघी. निवड खड्यांनी करा. दोन रंगांचे वाडगे पडद्याआड ठेवायचे, एकेकीने आत जाऊन खडा टाकायचा. हात वर करून मत घेतलं तर गावप्रमुखाच्या घरची सून दर वेळी निवडून येते. गावप्रमुखाला तिथे 'माय गारी' म्हणतात आणि त्याचा मान ठेवायचाच, पण तो मान पदासाठी वापरू देऊ नका.

पेटी पत्र्याची, माराडीच्या बाजारातल्या लोहाराकडून करून घेतलेली. सगळी पासबुकं आडवी बसतील एवढी लांब-रुंद, पैशाच्या दोन थैल्या राहतील एवढी खोल. कड्या वेल्डिंग करून बसवा. स्क्रूने बसवलेली कडी पेचकसाने दोन मिनिटांत निघते, मग कुलपाला अर्थ उरत नाही. कड्या तीन, कुलपं तीन, किल्ल्या तिघींकडे. या तिघी पदाधिकारी नसाव्यात आणि एका वाड्यातल्या नसाव्यात. पेटीवालीकडे एकही किल्ली नको. प्रत्येक कुलपासोबत येणारी दुसरी किल्ली गटासमोर फोडून टाका, किंवा सर्वांना विश्वासाच्या परगावच्या माणसाकडे ठेवा. कुणी नवऱ्याच्या खिशात ठेवायला सांगितली तर ते मान्य करू नका.

पेटी बैठकीतच उघडते. मधल्या दिवसांत कितीही अडचण आली तरी नाही. हा नियम एकदा मोडला की दुसऱ्यांदा मोडायला कारण लागत नाही.

भागाची किंमत

नायजरचं चलन सेफा फ्रँक. बचत 'भागां'मध्ये होते: प्रत्येक बैठकीला कमीत कमी एक, जास्तीत जास्त पाच भाग. वरची मर्यादा हवीच, नाहीतर एक-दोन व्यापारी घरच्या बायका सगळी पेटी आपली करून टाकतात.

किंमत ठरवताना सुगीचा आठवडा डोळ्यापुढे धरू नका. बायकांना विचारा, "श्रावणझडीच्या दिवसांत, कोठारात दाणा नसताना, आठवड्याला किती टाकू शकाल?" अर्थात श्रावण त्यांचा नाही, ऑगस्ट म्हणा. उत्तर खड्यांनी घ्या, एक खडा म्हणजे २५ फ्रँक. सगळ्यात कमी खडे टाकणारीला झेपेल ती किंमत ठेवा. ज्यांना जास्त जमतं त्यांना पाच भागांची सोय आहेच. पुढच्या उदाहरणात भाग १०० फ्रँकचा धरला आहे.

इथे बाहेरून आलेले लोक हमखास अडखळतात. हौसा बायका पैसे 'दाला'त मोजतात आणि एक दाला म्हणजे ५ फ्रँक. बाई "दाला दारी" म्हणाली म्हणजे शंभर दाला, हातात नाणं ५०० चं. लेखनीस शाळेत फ्रँक शिकलेली असेल तर वहीत १०० लिहून मोकळी होते. पाचपटीची ही चूक बैठकीत दिसत नाही, वाटपाच्या दिवशी दिसते आणि तेव्हा भांडण होतं. वहीत कायम फ्रँकच लिहा. मोजणारीने आकडा दालात मोठ्याने सांगायचा, लेखनिसाने तोच फ्रँकमध्ये परत म्हणायचा. सीमेजवळच्या गावांत नायजेरियाचा नायराही फिरतो. तो पेटीत घेऊ नका. २०२३ च्या जूननंतर नायरा घसरला तेव्हा नायरात साठवलेल्यांची बचत बसल्या जागी आटली.

भागाच्या पैशाखेरीज प्रत्येकीने दर बैठकीला २५ फ्रँक अडीनडीच्या निधीत टाकायचे. त्याची थैली वेगळ्या रंगाची. आजारपण, बाळंतपण, घर जळणं याला यातून मदत किंवा बिनव्याजी उसने. हा पैसा कर्जाच्या पैशात मिसळला की दोन्ही हिशेब बिघडतात.

बैठक कशी चालते

वार आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा ठेवा, कारण तेव्हा हातात रोकड असते. पण दर चौथी बैठक, म्हणजे कर्जवाटपाची, बाजाराच्या आदल्या दिवशी घ्या. कर्ज बाजारानंतर दिलं तर सहा दिवस घरात पडून राहतं, आणि घरात पडलेल्या पैशाला मागणारे खूप.

क्रम कधीच बदलू नका. बायका गोल बसतात, प्रत्येकीची जागा ठरलेली. तीन किल्ल्या लागून पेटी उघडते. अध्यक्ष विचारते, "मागच्या वेळी पेटी बंद केली तेव्हा किती होते?" सगळ्या एकदम आकडा सांगतात. मग दोघी मोजतात, आकडा जुळला तरच पुढे. त्यानंतर अडीनडीचा निधी, मग बचत. एकेकीला नावाने पुकारतात, ती पुढे येऊन पैसे वाडग्यात टाकते, लेखनीस पासबुकात तेवढे शिक्के मारते आणि उरलेल्या चौकटींवर फुली मारते. दोन भाग घेतले तर दोन शिक्के, तीन फुल्या. फुली चुकली तर मागाहून शिक्का मारायला जागा राहते. शिक्का बाजारात सर्रास मिळतो तसा नको, मासा, सुगरण, काहीतरी वेगळं चित्र असलेला घ्या. पासबुकं बैठकीनंतर घरी जात नाहीत, पेटीतच राहतात.

त्यानंतर कर्जफेड, मग नवी कर्जं. शेवटी दोन्ही थैल्या मोजून दोन आकडे तीनदा मोठ्याने म्हणायचे आणि पेटी बंद.

कुणालाच लिहिता येत नसेल तरी गट चालतो. माराडीचे पहिले गट तोंडीच चालले. तेव्हा मात्र सगळ्यांची बचत सारखी ठेवा आणि प्रत्येकीने स्वतःची शिवाय उजवीकडे बसणारीची बाकी लक्षात ठेवायची. कमीजास्त भाग आणि तोंडी हिशेब एकत्र केलेत तर चौथ्या महिन्यात गोंधळ ठरलेला.

बैठक शिकवणाऱ्याने पैशाला हात लावायचा नाही, वहीत लिहायचं नाही. पहिले तीन महिने प्रत्येक बैठकीला बसा, पुढचे तीन एकाआड एक, नंतर महिन्यातून एकदा. सहा महिन्यांनीही तुमच्याशिवाय बैठक होत नसेल तर शिकवण्यात कुठेतरी चुकलंय.

कर्ज

पहिले बारा आठवडे फक्त बचत, कर्ज नाही. मर्यादा साधारणपणे स्वतःच्या बचतीच्या तिप्पट असते. तरुण सुनांच्या पहिल्या वर्षी ती दुप्पटच ठेवणं शहाणपणाचं. ३,००० फ्रँक जमवलेल्या बाईने ९,००० उचलले आणि नवरा ते घेऊन गेला, तर वाटपात तिची बचत कापूनही ६,००० चा खड्डा राहतो आणि तो इतरांच्या वाट्यात पडतो. दुप्पट मर्यादेत तो ३,००० चा असतो, गट सोसू शकतो.

मुदत जास्तीत जास्त तीन महिने. व्याज शेकडा पाच ते दहा दरमहा असं गटागटांत वेगळं असतं. आपल्या गटांच्या तुलनेत हा दर भारी वाटतो, पण व्याज परत त्यांच्याच वाटपात येतं. तरी पाचवरच थांबा. दर चढला की कर्ज न घेणारी, म्हणजे बहुधा जरा बऱ्या घरची, घेणारीच्या जिवावर कमावते.

मुसलमान गावात व्याजाचा प्रश्न येणारच. तो लपवून वेगळ्या नावाने पुढे ढकलू नका. गावच्या मालमला, म्हणजे धर्मशिक्षकाला, पहिल्या बैठकीआधी भेटा. काही ठिकाणी गट धंद्याच्या नफ्यातला वाटा घेतो, काही ठिकाणी कर्जामागे ठरावीक वर्गणी. गावाला पटेल ते घ्या.

कर्जाला नवऱ्याची सही मागू नका. ती मागितली की प्रत्येक कर्ज आधी नवऱ्याशी घासाघीस करून घ्यावं लागतं. नवऱ्यांशी एकदाच, सुरुवातीला, माय गारीच्या समोर बोला. तिथे स्पष्ट सांगा की धान्य पुरवणं ही पूर्वीप्रमाणे घरच्या पुरुषांची जबाबदारी राहील. चारचौघांत ऐकलेलं पुढे बायकांना बोलायला उपयोगी पडतं.

वाटप

समजा २२ जणी, सरासरी दोन भाग, ४८ बैठका. वर्षात चार आठवडे पेरणी आणि सणांत जातात, ते धरलेच पाहिजेत. एकूण भाग २२ × २ × ४८ = २,११२. मूळ बचत २,११,२०० फ्रँक. वर्षभराचं व्याज आणि दंड धरून पेटीत समजा २,५४,००० निघाले. २,५४,००० भागिले २,११२ म्हणजे १२० आणि थोडं वर. अपूर्णांक नेहमी खाली सोडा. भागाची किंमत १२०, वाटलेले २,५३,४४०, उरलेले ५६० पुढच्या वर्षीच्या अडीनडीच्या थैलीत.

दर वेळी एकच भाग घेणाऱ्या बाईचे ४८ भाग, तिला ५,७६०. दोन घेणारीला ११,५२०. पाच घेणारीला २८,८००. किंमत काढायच्या आधी प्रत्येक पासबुकातले शिक्के दोघींनी स्वतंत्र मोजावेत, बेरीज नंतर जुळवावी. घाईत इथेच चूक होते. अडीनडीचा निधी या भागाकारात घ्यायचा नाही.

शेवटचं नवं कर्ज वाटपाच्या बारा आठवडे आधी. सगळी फेड शेवटच्या दोन बैठकांत, म्हणजे पेटी कमीत कमी दिवस भरलेली राहते. वाटपाची तारीख गावभर सांगू नका.

तारीख कोणती, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. बाजरी-चवळीची सुगी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, भाव तेव्हा पडलेले. पैसा त्याच वेळी हातात आला तर धान्य स्वस्त मिळतं. पण तेव्हाच नवरे परगावी निघायच्या तयारीत असतात आणि गाडीभाडं मागतात. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा बरा पडतो: पुरुष गेलेले असतात आणि चवळी अजून महाग झालेली नसते.

पैशाचं काय करायचं

तीन महिन्यांच्या कर्जात कुठला धंदा बसतो आणि कुठला बसत नाही, हे इथे बहुतेकदा चुकतं.

*कुली-कुली आणि तेल* कर्जात चांगलं बसतं, कारण आठवड्यात पैसा फिरतो. शेंगदाणे भाजून सालं काढायची, दळून लगदा करायचा, मग त्यात गरम पाणी थोडं-थोडं शिंपडत मळत राहायचं. तेल सुटू लागतं तसं दाबून काढायचं. एकदम जास्त पाणी घातलं तर तेल-पाणी एकजीव होऊन पांढरट पीठ होतं आणि तेल सुटतच नाही, सगळा घाणा वाया. उरलेल्या पेंडीची कडी वळून त्याच तेलात तळतात, तीच कुली-कुली. दाणे निवडताना बुरशी लागलेले, सुरकुतलेले, काळवंडलेले बाजूला काढा आणि कोंबड्यांनाही घालू नका. बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही आणि तेलापेक्षा पेंडीत जास्त उतरतं, म्हणजे नेमकं पोरं खातात त्या कुली-कुलीत. हिशेबात दाणे, दळणावळ, सरपण, मीठ आणि घरात खाल्लेली कुली-कुली, सगळं धरा. घरी खाल्लेलं धरलं नाही तर नफा कुठे गेला ते कळत नाही.

*बकरीदचा मेंढा* तीन महिन्यांत बसतो. भुईमूग-चवळीचा वाळलेला पाला आणि बाजरीचा कोंडा घालून पोसतात. सण दरवर्षी साधारण अकरा दिवसांनी अलीकडे येतो, म्हणून कर्जाची तारीख दर वर्षी नव्याने मोजा. सणाच्या दहा दिवस आधी विका. सण उलटला की भाव कोसळतो.

*शेळी* कर्जावर घेऊ नका. माराडीची तांबडी शेळी प्रसिद्धच आहे, कातडं चांगलं आणि जुळी करडंही देते. पण गाभणकाळच पाच महिन्यांचा. तीन महिन्यांत फेडायला पैसा येणार कुठून? मग बाई गाभण शेळीच विकून हप्ता भरते. शेळी वाटपाच्या पैशातून घ्या आणि पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची, लस टोचून घ्या. शेळ्या फिरवण्याची जुनी रीतही तिथे आहे, फुलानी पशुपालकांची 'हब्बानाये': मादी दुसरीला पाळायला द्यायची, तिने वेत ठेवून घ्यायचं आणि मादी परत करायची. आपल्याकडे अर्धलीने जनावर देतात त्याची आठवण येईल, पण यात वाटा मागत नाहीत. गटात ही रीत छान चालते.

*चवळीची साठवण* हाही वाटपाच्या पैशाचाच धंदा, कारण सात-आठ महिने थांबावं लागतं. पिक्स पिशवीत आत प्लास्टिकच्या दोन थैल्या, बाहेर विणलेलं पोतं. चवळी खडखडीत वाळलेली हवी. आतल्या थैलीत भरून हवा दाबून काढायची, तोंड पिळून, दुमडून घट्ट बांधायचं, मग दुसरीचं वेगळं आणि पोत्याचं वेगळं. आतला प्राणवायू संपला की भुंगा मरतो, औषधी पावडर लागत नाही. भरण्यापूर्वी थैलीत हवा कोंडून गालाजवळ धरा, छिद्र असेल तर वारा लागतो. मधेच उघडून मूठभर काढायची सवय लागली तर पिशवीचा उपयोग संपला. घरखर्चाची चवळी वेगळी ठेवा.

जमीन

गामाना मिळत नसेल तर दुसऱ्या वर्षापासून काही जणी मिळून 'जिंगिना'ने रान घेतात. आपल्या कब्जेगहाणासारखंच: पैसे द्यायचे, ते परत मिळेपर्यंत जमीन कसायची. तोंडी व्यवहार करू नका. १९९३ च्या ग्रामीण संहितेखाली गावपातळीवर जमीन समित्या आहेत, त्या असे करार लिहून देतात. कागदावर चतुःसीमा, रक्कम, किती हंगामांच्या आत मालकाने सोडवून घ्यायची नाही, उभं पीक कुणाचं, आणि बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावाने असावीत. अमक्याची बायको असं लिहिलं तर नवऱ्याच्या भावाने रान मागितल्यावर कागद कामाला येत नाही. खत घालून रान सुधारलं की मालक लवकर परत मागतो, म्हणून किमान तीन हंगामांची अट घाला.

घरातला वाटा मोजा

पहिल्या महिन्यात, फक्त गटातल्या बायका असताना, हे करा. जमिनीवर दहा-बारा वस्तू मांडा: बाजरी, कालवणाचं सामान, मीठ, साबण, औषध, शाळा, सणाचे कपडे, सरपण, 'बिकी'. बिकी म्हणजे बारशा-लग्नात बायका एकमेकींना करतात तो परतफेडीचा आहेर. त्याला उधळपट्टी समजू नका, तीही तिची साठवणच आहे. प्रत्येक वस्तूला चवळीचे दहा दाणे. मायगिदा, नवरा, ती स्वतः, माहेर, अशा चार वाटण्या. कोण किती भरतं त्याप्रमाणे ती दाणे वाटते. आकडे पासबुकाच्या शेवटच्या पानावर.

पुन्हा मोजायचं ते बरोबर वर्षाने, त्याच महिन्यात. जानेवारीत एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा मोजून तुलना केली तर टंचाईचा फरक गटाच्या माथी जातो. सासूसमोर करू नका, सगळे दाणे मायगिदाकडे जातील.

मग ओळीने बघा. साबण, औषध, कपड्यांत तिचे दाणे वाढले आणि बिकीतही वाढले, तर बहुधा तिच्या मर्जीचा खर्च वाढला आहे, तिला विचारून खात्री करा. बाजरीच्या ओळीत वाढले तर थांबा. वाटपाची सगळी रक्कम एकदम देऊ नका. निम्मी रोख आणि निम्मी गटाच्या खरेदीने, म्हणजे चवळीची पिशवी किंवा शेळी तिच्या हाती. रोख रक्कम मागता येते, पेचात पकडून काढून घेता येते. बांधलेली पिशवी मागायला माणूस जरा कचरतो. बाजरीची ओळ निम्म्याहून जास्त घरांत सरकली असेल तर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला माय गारीसमोरची ती बैठक पुन्हा घ्या. कुणाच्या घराचं नाव न घेता गावाची एकत्र बेरीज पुरुषांसमोर दाण्यांनीच मांडा: गेल्या वर्षी एवढे, यंदा एवढे. नवं भागभांडवल त्यानंतर गोळा करा.